उपरी आणि मिरासदार : इंग्रज वसाहतींच्या गोष्टीची एक चिकित्सा

मंडळी, निमगाव केतकीत बसून अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. म्हणून सुरुवात आपल्याच दोन शब्दांनी करतो. जुन्या दप्तरांत जमीन कसणाऱ्याची दोन नावं येतात. एक मिरासदार, म्हणजे पिढीजात हक्काचा. दुसरा उपरी, म्हणजे बाहेरून येऊन गावाच्या संमतीनं कसणारा. उपरी आहे हे गावही विसरत नसे आणि तोही. आमची तक्रार अशी, की वसाहतींचा इतिहास सांगताना उपरी मिरासदार कधी झाला, तेवढं एक पान गाळलेलं असतं.

ही गोष्ट साधारण कशी सांगतात बघा. १६०७ साली इंग्रज व्हर्जिनियात उतरले, जेम्सटाउन वसलं. १६०९-१० च्या हिवाळ्यात असा उपास पडला, की काही शेकड्यांतली जेमतेम साठ माणसं वसंतात जिवंत होती. पुढे १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजानं १०२ प्रवासी आले, त्यांतले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. ऐकताना आपल्या पोटात कालवतं, आणि कालवावंच. हाल खरे होते, ते आम्ही नाकारत नाही. आम्ही एवढंच विचारतो, की जे जगले ते कोणाचं धान्य खाऊन जगले? पोहटन लोकांच्या बायकांनी पिकवलेला मका इंग्रजांनी कधी विकत घेतला, कधी मागून घेतला, कधी दमदाटी करून नेला. मग तंबाखूचं पीक साधलं, जमिनीची भूक वाढली, आणि १६२२ मध्ये मूळ रहिवासी उलटले. साडेतीनशेच्या आसपास इंग्रज मारले गेले. गोष्टीत याचं नाव ‘विश्वासघात’. मक्याचं नाव मात्र नुसतं ‘मदत’.

आता आपल्या दारातली इंग्रज वसाहत घेऊ, ती म्हणजे मुंबई. साचा तोच. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजानं मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली. ताबा घ्यायला अब्राहम शिपमन सुमारे ४०० सैनिक घेऊन आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट सोडायला नकार दिला. मग ही फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खोळंबली आणि रोगराईनं सडली. शिपमन तिथेच मेला. १६६५ मध्ये हम्फ्री कुकनं ताबा घेतला तेव्हा जवळपास शंभर माणसं उरली होती. १६६८ मध्ये राजानं वर्षाला दहा पौंड खंडावर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढेही माणसं इतकी मरत, की इथलं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं इंग्रजच म्हणू लागले.

हे सगळं सांगून झालं, की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: सात ओसाड बेटं होती, इंग्रजांनी त्यांचं शहर केलं. आमचा आक्षेप ‘ओसाड’ या शब्दाला आहे. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ च्या सुमारास लिहितो, की वस्ती साठ हजारांवर गेली आहे, आधी ती दहा हजार होती. दहा हजार माणसांचं बेट ओसाड कसं? माहीम होतं, कोळीवाडे होते, नारळीच्या वाड्या होत्या, मिठागरं होती, खाजणात भात पिकत होता. भंडारी माडावर चढत होता, कुणबी चिखलात उभा होता.

आणि गंमत म्हणजे हे खुद्द कंपनीला माहीत होतं. गव्हर्नर जेराल्ड आँजियरनं १६७२ मध्ये तिथल्या जमीनधारकांशी करार केला. वर्षाला वीस हजार अश्रफ्या कंपनीला द्यायच्या, जमिनी ज्याच्या त्याच्याकडे राहतील. रिकाम्या जागेशी कोणी करार करतं का? अर्थात करार झाला तो मुख्यतः मालकांशी. खाजणातल्या कुणब्याला कोणी विचारलं नाही.

व्हर्जिनियात जे झालं नाही ते मुंबईत का झालं? आँजियर समंजस होता, हे खरं. पण चहूकडे पाहा. खाडीपलीकडे मराठे, वसईत पोर्तुगीज, दंडा-राजपुरीला सिद्दी. तांदूळ आणि जळण खाडीपलीकडूनच यायचं. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला गेला, तो काही हौसेनं नाही. दुबळा उपरी नम्र असतो. त्याची नम्रता आणि त्याचा न्याय यांत गल्लत करू नये.

इथे आमच्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतो. याच चार्ल्स राजानं १६६३ मध्ये अमेरिकेतला कॅरोलिना प्रांत आठ सरदारांना दिला होता. त्यांच्या मंडळाचा चिटणीस म्हणून जॉन लॉकनं काम केलं. लॉक म्हणतो, जमिनीत माणसाचे कष्ट मिसळले की ती त्याची होते. वाचायला किती न्याय्य! पण मग पोहटन बाईचे मक्यातले कष्ट? लॉकला अमेरिकेत दिसते ती बहुतेक पडीक जमीन. म्हणजे सिद्धांत चुकीचा नाही, मोजणारा डोळा चुकीचा आहे. आपले कष्ट ते कष्ट, दुसऱ्याचे कष्ट म्हणजे निसर्ग.

हा डोळा पुढे आपल्या तालुक्यातही आला. प्रिंगलची आकारणी रयतेला पेलली नाही, शेतं पडीक पडली, म्हणून १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी मोजणी इंदापूर तालुक्यातच सुरू झाली. शेताला नंबर मिळाला, नंबरापुढे नाव लागलं, आकार हलका झाला. काहींचं भलंही झालं. पण बघा, १६६८ चा उपरी आता आपल्या मिरासदाराकडून सारा घेत होता, आणि मिरास म्हणजे काय हेही तोच ठरवत होता!

इंग्रजांना नावं ठेवून घरी जाणं सोपं आहे. पण दरवर्षी गळीत हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडीची माणसं येतात. बांधाकडेला कोप्या घालतात, थंडीत पहाटे फडात उतरतात, लेकरं पाचटावर निजतात. हाल सोसल्यानं आणि घाम गाळल्यानं जमिनीवर हक्क मिळतो, हे जेम्सटाउनला लागू करायचं, तर मग या माणसांना का नाही? आपण त्यांना सातबारा देणार नाही, हे आम्हालाही कळतं. मग निदान एवढं मान्य करू, की हालांनी हक्क सिद्ध होत नाही. हक्क सिद्ध करते ती वही, आणि वही ज्याच्या हातात असते तो स्वतःच्या हालांची गोष्ट त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.

म्हणून कोणत्याही वसाहतीची, राज्याची, अगदी आपल्या गावाच्या पांढरीचीही स्थापनेची गोष्ट ऐकाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी धान्य कोणाचं होतं? आणि वही कोणी लिहिली? उत्तरं मिळाली, की गाळलेलं पान सापडतं. थांबतो आम्ही. आता तुम्ही विचारा.