सांचीचे भंजक आणि रक्षक

धर्मशिल्पांच्या विध्वंसाचा विषय निघाला की आपले बोट तत्काळ परधर्मीय आक्रमकाकडे वळते. २००१ साली तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या, तेव्हा हा समज अधिकच दृढ झाला. तो सर्वस्वी खोटा नाही. पण अपुरा आहे. महाराणा प्रताप नगरातून निघालेला माणूस दीडेक तासात सांचीला पोहोचतो. जाण्यापूर्वी त्याने जॉन मार्शल यांचे ‘अ गाइड टू सांची’ (१९१८) हे छोटेखानी पुस्तक अवश्य वाचावे.

१८१८ मध्ये जनरल टेलर यांना महास्तूप जवळजवळ अखंड आढळला होता. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन यांनी तो एका बाजूने माथ्यापासून पायापर्यंत फोडला. त्या खिंडारामुळे पश्चिम तोरण कोसळले. अशोकस्तंभ तर एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तोडला. ह्यांत धर्मद्वेषाचा लवलेश नाही. एकाचे कुतूहल, दुसऱ्याची सोय. मार्शल हे सारे कोणताही आवेश न आणता नोंदवतात, हे ह्या पुस्तकाचे खरे बळ होय.

रक्षणाची कथाही तितकीच उद्बोधक आहे. १९१२ ते १९१९ ह्या काळात मार्शल यांनी केलेल्या उत्खननाला व डागडुजीला भोपाळ दरबाराने द्रव्यसाहाय्य केले. गादीवर होत्या सुलतान जहाँ बेगम, हजयात्रा करून आलेल्या धर्मनिष्ठ मुस्लिम राज्यकर्त्या. त्यांच्या निष्ठेला बुद्धाचा स्तूप जपणे विसंगत वाटले नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मार्शल यांचा भर रचना, शिल्प आणि कालनिर्णय यांवर आहे; पूजकाचा हक्क त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती नाही. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेझी यांनी ह्या परिसरातील स्तूपांतून सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांच्या अस्थी बाहेर काढल्या. त्यांपैकी काही लंडनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात विसावल्या. संग्रहालयात त्या सुरक्षित होत्याच. तरीही त्यांचे परत येणे बौद्धांना आवश्यक वाटले. जतन म्हणजे केवळ वस्तू टिकवणे नव्हे, एवढे तरी ह्यावरून ध्यानी यावे.

आज गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या शिल्पांवर तैलरंग फासले जातात, कोरीव भिंतींवर चकचकीत फरशा चढतात. हे हात भाविकांचेच असतात. म्हणून आक्रमकांची यादी करण्यापूर्वी आपण आपल्या गावच्या देवळाच्या भिंती एकदा निरखून पाहाव्यात.