रंगीत प्रथिने आणि हरवलेली सूची

भूगोलाच्या पेपरात विद्यार्थ्याने नकाशा सुरेख रंगवला, पण सूची दिली नाही, तर शिक्षक त्याचे गुण कापतात. ते योग्यच आहे. हिरवा रंग म्हणजे जंगल, की सखल प्रदेश, की शेजारच्या जिल्ह्याहून वेगळा दिसावा म्हणून दिलेला रंग, हे सूचीवाचून कळायला मार्ग नाही. त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात, जीवशास्त्राच्या तासाला पडद्यावर प्रथिनाचे लाल-निळे-हिरवे चित्र दाखवले जाते. तेथे मात्र ‘सूची कोठे आहे?’ असे कोणी विचारत नाही. आमची तक्रार एवढीच आहे. परंतु ती किरकोळ नाही.

मिरा-भाईंदरमध्ये सिल्व्हर पार्कवरून जाणारी मेट्रो मार्गिका ९ ही मार्गिका ७ चाच विस्तार असल्याने मेट्रोच्या नकाशावर लाल रंगात दाखवतात. म्हणून तेथील रूळ लाल असतील असे त्या भागातले पाचवीतले मूलही समजत नाही. कारण मार्गिकेचे खांब त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात. प्रथिन मात्र विद्यार्थ्याने कधीच पाहिलेले नसते, आणि शिक्षकांनीही नाही. त्याच्या दृष्टीने चित्र हेच प्रथिन. त्यामुळे चित्रातला प्रत्येक रंग त्याला खरा वाटतो.

वस्तुस्थिती अशी, की चित्रात वेगवेगळे रंगवलेले प्रथिनाचे भाग आपल्याला रंगाने वेगळे दिसणे शक्यच नाही. हिमोग्लोबिनचा रेणू सुमारे ५ ते ६ नॅनोमीटर रुंद असतो, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. एवढ्या लांब तरंगांनी एवढ्या लहान वस्तूचे अवयव पाहता येत नाहीत. असंख्य रेणूंच्या द्रावणाला रंग असू शकतो, आणि रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त हीम गटामुळे येतो. आता हिमोग्लोबिनचे सर्वत्र छापले जाणारे चित्र आठवा. त्यात अल्फा साखळ्या लाल, बीटा साखळ्या निळ्या आणि हीम हिरवे! ज्याच्यामुळे रक्त लाल, नेमके तेच हिरवे. चित्रकाराची यात चूक नाही; हीम उठून दिसावे एवढाच त्याचा हेतू. पण सूची गळाली, की हृदयाच्या आकृतीतील निळ्या शिरा पाहून ‘अशुद्ध रक्त निळे असते’ असे लिहिणारा विद्यार्थी येथेही तयार होतो.

हे रंग आले कोठून? जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात क्रोके या खेळाच्या लाकडी चेंडूंपासून रेणूंच्या प्रतिकृती बनवल्या. त्यांत कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा होता. पुढे कोरी आणि पॉलिंग यांनी १९५३ मध्ये प्रथिनांसाठी भरीव प्रतिकृती तयार केल्या आणि कोल्टुन यांनी १९६५ मध्ये त्या सुधारल्या. या तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘सीपीके’ हे रंगसंकेताचे नाव रूढ झाले. रॉजर सेल यांची १९९३ मधील रासमॉल ही आज्ञावली विनामूल्य वाटली गेली, आणि साध्या संगणकावर रेणू फिरवून पाहण्याची सोय जगभरच्या महाविद्यालयांना मिळाली. तिच्याबरोबर हे रंगही घरोघरी पोचले. येथवर सारे ठीक होते. पण त्याच आज्ञावलीत, आणि नंतरच्या पायमॉल, कायमेरा यांत, रंगवण्याच्या इतर अनेक पद्धती आल्या. आज एकाच लाल रंगाचे अर्थ मोजून पाहा. अणूंप्रमाणे रंगवल्यास लाल म्हणजे ऑक्सिजन. पृष्ठभागावरील विद्युतभाराप्रमाणे रंगवल्यास लाल म्हणजे ऋणभार. साखळीच्या क्रमाने इंद्रधनुष्यासारखे रंग दिल्यास लाल म्हणजे साखळीचा शेवट. अणूंच्या अस्थिरतेप्रमाणे रंगवल्यास लाल म्हणजे डळमळीत भाग. आणि कित्येक चित्रांत लाल म्हणजे फक्त ‘ही दुसरी साखळी’.

यावरून रंगवणे निरर्थक आहे असे मात्र नाही. आपल्याकडचेच एक उदाहरण घेऊ. पेनिसिलिन व्ही या प्रतिजैविकाचा रेणू तोडणारे पेनिसिलिन व्ही असायलेज नावाचे विकर आहे. त्याने मिळणाऱ्या मूळ गाभ्यापासून नवी पेनिसिलिने बनवता येतात, म्हणून औषधनिर्मितीत त्याला महत्त्व आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील यॉर्कच्या शास्त्रज्ञांसमवेत या विकराची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रोटीन डेटा बँकेत ती ‘३ पीव्हीए’ या क्रमांकाने पाहता येते. हे विकर चार साखळ्या एकत्र येऊन बनते.

आता ही रचना निरनिराळ्या पद्धतींनी रंगवू. साखळीनुसार रंग दिले, तर घटक कसे जुळले आहेत हे स्पष्ट दिसते. परंतु विद्यार्थी चार रंग पाहून चार वेगळी प्रथिने समजेल, प्रत्यक्षात सर्व साखळ्या अगदी सारख्या आहेत. घड्यांनुसार रंग दिले, म्हणजे अल्फा मळसूत्रांना एक आणि बीटा पट्ट्यांना दुसरा, तर मधे पट्ट्यांचे दोन थर आणि दोन्ही बाजूंना मळसूत्रांचे थर अशी चार पदरी रचना उलगडते. याच रचनेवरून त्याचे पेनिसिलिन जी असायलेज या विकराशी नाते कळते, जरी दोघांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात फारसे साम्य नाही. साखळीच्या आरंभापासून शेवटापर्यंत निळ्याकडून लालकडे रंग नेला, तर निळे टोक थेट विकराच्या कार्यस्थळी पोचलेले दिसते. कारण साखळीतले पहिलेच अमिनो आम्ल, सिस्टीन, येथे तोडण्याचे काम करते. शेवटी अणूंनुसार रंग दिला, की त्या सिस्टीनचा पिवळा गंधक अणू नजरेत भरतो. रचना एकच, पण प्रत्येक रंगसंगती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न सांगितला नाही, तर उत्तराला अर्थ उरत नाही.

सूची नसल्याने होणारे सर्वांत मोठे नुकसान अलीकडच्या काळातले आहे. अल्फाफोल्ड या संगणकीय पद्धतीने केलेल्या रचनांच्या अंदाजांचे भांडार २०२१ मध्ये खुले झाले आणि २०२२ मध्ये त्यातील नोंदी २० कोटींवर गेल्या. प्रयोगाने ठरवलेल्या रचना याच्या तुलनेत थोड्या. त्यांनी दोन लाखांचा टप्पा २०२३ मध्ये गाठला. अल्फाफोल्ड आपल्या प्रत्येक अमिनो आम्लाच्या अंदाजाला ० ते १०० असा विश्वासांक देते. ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा आणि त्याखाली नारिंगी, अशी सूची भांडारात चित्राशेजारी छापलेली असते. हे कौतुकास्पद आहे. परंतु हीच फाइल उतरवून दुसऱ्या आज्ञावलीत उघडली, की सूची मागे राहते.

यात एक खोच आहे. प्रयोगाने मिळालेल्या रचनेच्या फाइलमध्ये प्रत्येक अणूच्या ओळीत ६१ ते ६६ या रकान्यांत तापमान-गुणक लिहितात. तो जितका मोठा, तितके त्या अणूचे स्थान अनिश्चित. अल्फाफोल्डने आपला विश्वासांक नेमका याच रकान्यांत ठेवला आहे, आणि तो जितका मोठा, तितका अंदाज भरवशाचा. म्हणजे जागा तीच, अर्थ उलटा! पायमॉलमध्ये या रकान्याप्रमाणे रंगवण्याची नेहमीची आज्ञा दिली, तर मोठ्या आकड्यांना लाल आणि लहान आकड्यांना निळा रंग मिळतो. मग अल्फाफोल्डच्या रचनेतला सर्वांत भक्कम भाग लाल, ‘डळमळीत’ दिसतो, आणि ज्याविषयी संगणकालाच खात्री नाही असा लोंबता धागा शांत निळा. असे चित्र फळ्यावर आले, तर शिक्षक अगदी प्रामाणिकपणे उलटे शिकवतील.

आज्ञावली लिहिणाऱ्यांना यातून मोकळे सोडता येणार नाही. रचना उघडताच मनाने रंग भरणे, आणि चित्र साठवताना त्या रंगांचा अर्थ चित्रात न उतरवणे, हा दोष जुना आहे. पायमॉलमध्ये कार्बन आपोआप हिरवा होतो आणि दुसरी रचना उघडली तर तिचा कार्बन निळसर होतो. संशोधकाला ही सोय वाटते, पण रसायनशास्त्र नुकतेच शिकणाऱ्याला कोडे पडते. आम्ही संशोधकही कमी दोषी नाही. देखणे चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर जावे म्हणून आम्ही रंग निवडतो, आणि ते पुढे पाठ्यपुस्तकात, भिंतीवरच्या तक्त्यात कसे वाचले जाईल याचा विचार करीत नाही.

शिवाय काही विद्यार्थ्यांना लाल आणि हिरवा यांतला भेद जन्मतःच नीट कळत नाही. हा दोष मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. लाल मळसूत्रे आणि हिरवे वळसे असलेले चित्र अशा मुलाला एकाच मातकट रंगाचे दिसते. तो हात वर करून तसे सांगत नाही; ‘मला हा विषय जमत नाही’ असा समज करून घेतो. निळा आणि नारिंगी ही जोडी बहुतेकांना वेगळी ओळखता येते. तिचा वापर करण्यास काहीच खर्च येत नाही.

शिक्षकांनी काय करावे? प्रथिनाचे चित्र दाखवण्यापूर्वी तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात: रचना प्रयोगाने ठरवलेली आहे की संगणकाचा अंदाज आहे, रंग कशाच्या आधारे दिले आहेत, आणि प्रत्येक रंगाचा अर्थ काय. चित्रासोबत ही माहिती नसेल, तर ते चित्र शोभेसाठी ठेवावे, त्यावरून शिकवू नये. जेथे संगणक उपलब्ध आहे तेथे ‘३ पीव्हीए’ उघडून विद्यार्थ्यांच्या गटांना ती निरनिराळ्या पद्धतींनी रंगवायला सांगावे, आणि प्रत्येक गटाने आपल्या चित्राखाली सूची लिहावी. ज्या गटाची सूची नसेल त्याचे गुण भूगोलाच्या शिक्षकांप्रमाणेच, न कचरता, कापावेत.