मोतीबिंदूचा हिशेब : टक्केवारीचा छेद तपासताना

एखादी शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे कसे ठरवायचे? रुग्ण म्हणतो, 'दिसू लागले.' डॉक्टर म्हणतात, 'उत्तम झाली.' एका रुग्णापुरते एवढे पुरेसे असते. पण दरवर्षी लाखो शस्त्रक्रिया सार्वजनिक पैशातून होत असतील, तर त्यांचा हिशेब मांडावाच लागतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एन.एच.एस.) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा असा हिशेब अनेक वर्षे मांडला जात आहे. हा उपक्रम निःसंशय कौतुकास्पद आहे. मात्र त्यातील आकडे जसे वाचले जातात, त्याविषयी आम्हाला काही आक्षेप नोंदवायचे आहेत.

प्रथम हे मोजमाप समजून घेऊ. डोळ्यातील भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. शस्त्रक्रियेत पिशवीचा पुढचा भाग गोलाकार कापून गढूळ झालेले भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीचा मागचा पडदा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ असतो. तो फाटला तर मागचा जेलीसारखा काचाभ द्रव पुढे येऊ शकतो, दृष्टिपटल सुटण्याचा आणि दृष्टी गमावण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून 'मागचा पडदा किती वेळा फाटला' हा शस्त्रक्रियेच्या दर्जाचा एक प्रमुख निर्देशांक मानला जातो.

१९९७-९८ साली शंभर रुग्णालयांतील १८,४५४ रुग्णांची राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात पडदा फाटणे किंवा काचाभ द्रव बाहेर येणे याचे प्रमाण ४.४ टक्के आढळले. पुढे २००१ ते २००६ या काळात १२ ट्रस्टच्या रुग्णालयांतील ५५,५६७ शस्त्रक्रियांच्या संगणकीय नोंदी तपासल्या, तेव्हा ते १.९२ टक्के निघाले. नंतर रॉयल कॉलेज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्स या संस्थेने नियमित राष्ट्रीय ऑडिट सुरू केले. त्याच्या अलीकडच्या अहवालांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले आहे.

४.४ वरून एकावर! यात खरी प्रगती आहेच. १९९७-९८ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश शस्त्रक्रियाच 'फेको' पद्धतीने, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून, होत होत्या. आज जवळजवळ सर्वच तशा होतात. पण हे तीन आकडे एकाच गटाचे नाहीत. पहिली पाहणी रुग्णालयांचा नमुना घेऊन झाली. दुसरीत संगणकावर नोंदी ठेवणारीच रुग्णालये होती. जी रुग्णालये नोंदी नीट ठेवतात, ती शस्त्रक्रियाही नीट करत असण्याचा संभव अधिक. तेव्हा घसरणीतील किती भाग कौशल्याचा आणि किती निवडीचा, हे केवळ आकडे शेजारी मांडून कळत नाही.

दुसरा मुद्दा रुग्णांच्या फरकाचा. वरील ५५,५६७ नोंदींतूनच असे दिसले की वाढते वय, काचबिंदू, मधुमेहाने बाधित दृष्टिपटल, लहान बाहुली, पांढरा किंवा गडद तपकिरी झालेला मोतीबिंदू आणि आडवे पडून राहता न येणे यांमुळे धोका वाढतो. शिकाऊ डॉक्टरांच्या हातूनही पडदा फाटण्याचे प्रमाण अधिक असते. इंग्लंडमध्ये २०२३ पर्यंत सार्वजनिक खर्चाने होणाऱ्या निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया खासगी केंद्रांकडे गेल्या होत्या. गुंतागुंतीचे रुग्ण मात्र मोठ्या रुग्णालयांकडेच राहतात. या दोहोंची कच्ची टक्केवारी शेजारी ठेवणे हा अन्याय आहे. ऑडिट करणाऱ्यांनी हे ओळखून रुग्णांच्या जोखमीनुसार आकडे सुधारून घेतले, ही त्यांची मोठी जमेची बाजू होय.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणारी शाळा आपण पाहिलेली असते. तिथे अंश वाढलेला नसतो, छेद लहान केलेला असतो. शल्यविशारदांचे निकाल नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले की हाच मोह तिथेही उद्भवतो. पिकलेल्या, पांढऱ्या मोतीबिंदूच्या वृद्धाला 'तुमची केस अवघड आहे' असे सांगून परत पाठवले, तर डॉक्टरची टक्केवारी सुधारते आणि वृद्ध आंधळाच राहतो. ऑडिटमध्ये त्याची नोंदच नसते, कारण त्याची शस्त्रक्रिया झालेलीच नाही.

तिसरा मुद्दा योगायोगाचा. समजा, शंभर डॉक्टर अगदी सारख्याच कौशल्याचे आहेत, प्रत्येकाच्या हातून पडदा फाटण्याची शक्यता एक टक्का आहे आणि प्रत्येकाने शंभर शस्त्रक्रिया केल्या. तरीही सुमारे ३७ जणांच्या खाती शून्य दिसेल आणि सुमारे आठ जणांच्या खाती तीन किंवा त्याहून अधिक! त्या आठांना 'सरासरीपेक्षा तिप्पट वाईट' म्हणणे चुकीचेच. वर्गात हे करून पाहता येईल. पिशवीत ९९ पांढरे व एक लाल मणी ठेवा. एक मणी काढा, रंग नोंदवा, परत टाका. असे शंभर वेळा करून प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर लिहा. म्हणूनच अशा अहवालांत नरसाळ्याच्या आकाराचा आलेख वापरतात. शस्त्रक्रिया कमी तेवढी सीमारेषा रुंद, जास्त तेवढी अरुंद. हजार शस्त्रक्रियांत तीस वेळा पडदा फाटला, तर मात्र योगायोगाची सबब चालत नाही.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप याहून साधा आहे. पडदा फाटला नाही म्हणजे रुग्णाला दिसू लागले असे नाही. ऑडिटचा दुसरा निर्देशांक दृष्टी घटण्याचा आहे, पण त्यासाठी शस्त्रक्रियेआधीची व नंतरची अशा दोन्ही नोंदी लागतात. नंतरची तपासणी अनेकदा गावातल्या चष्म्याच्या दुकानी होते आणि तो आकडा रुग्णालयात पोहोचतच नाही. शिवाय वाचता येते का, जिना उतरता येतो का, हे रुग्णालाच विचारावे लागते. त्यासाठी पाच प्रश्नांची 'कॅट-प्रॉम५' ही प्रश्नावली २०१८ साली प्रसिद्ध झाली. अशी उत्तरे प्रत्येक रुग्णाकडून घेतली जाणे हे ऑडिटचे पुढचे पाऊल असले पाहिजे.

या त्रुटी दाखवल्या म्हणून हिशेब मांडणेच व्यर्थ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हिशेब होता म्हणूनच त्रुटी दाखवता आल्या. आपल्याकडे नेत्रशिबिरांच्या बातमीत शस्त्रक्रिया किती झाल्या हे ठळक छापले जाते. दोन महिन्यांनी त्यांपैकी किती जणांना दिसते, हे क्वचितच वाचायला मिळते. पुढच्या वेळी अशी बातमी वर्गात वाचलीत, तर विद्यार्थ्यांना एवढेच विचारा : छेदात कोण आहे, आणि कोण वगळले गेले?