गोगलगाय आणि रंगपेटी

मागच्या नोव्हेंबरात हैदराबादेतल्या एका शाळेने मला मुलांच्या चित्रस्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले. विषय होता ‘माझ्या घराचा रस्ता’. टेबलावर साठ-पासष्ट चित्रे. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चित्रांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि निळी नदी. काचीगुड्याच्या आणि बरकतपुऱ्याच्या पोरांच्या रस्त्यावर नदी कुठून आली? मूसी तशी जवळच आहे म्हणा, पण ती निळी असलेली निदान माझ्या पिढीने तरी पाहिलेली नाही. एकाच मुलीने इराणी हॉटेल काढले होते. बाकावर बसलेली माणसे, बशीतून चहा पिणारा एक म्हातारा आणि त्याच्याहून मोठी एक शेळी. मी ते चित्र पहिले काढून ठेवले. शेजारचे परीक्षक म्हणाले, “सर, शेळीचे माप पाहा.” आमचा तिथे बराच वाद झाला.

घरी येताना मला शंकर आठवले. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई. मुलांनी काढलेली चित्रे मोठ्यांनी गंभीरपणे पाहावीत, हे आपल्या देशात या माणसाने रुजवले. आणि त्यांच्याविषयी एका स्नेह्याचे उत्तर माझ्याकडे 2012 पासून बाकी आहे. ते देण्याचा प्रयत्न इथे करतो.

शंकर 1902 साली केरळात कायमकुळमला जन्मले. वर्गात डुलक्या घेणाऱ्या मास्तरांचे चित्र काढून त्यांनी मुख्याध्यापकांचा रोष ओढवून घेतला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच. त्यांची सुरुवात मुंबईची. कायदा शिकायला म्हणून ते आले, एका जहाज कंपनीत नोकरीला लागले आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून त्यांची चित्रे छापून येऊ लागली. 1932 साली ते ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये गेले, तिथे 1946 पर्यंत होते आणि 1948 साली त्यांनी स्वतःचे ‘शंकर्स वीकली’ काढले. उद्घाटन नेहरूंनी केले. मलाही सोडू नका, असे नेहरूंनी त्यांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे आणि शंकरांनी सोडलेही नाही.

चित्रकार म्हणून शंकर मला फार थोर वाटत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आर. के. लक्ष्मण यांचा कुंचला जिथे दोन फटकाऱ्यांत पावसाळी रस्ता उभा करतो, तिथे शंकरांची रेषा घट्ट आणि काहीशी कोरडी. चौकटीत गर्दी फार, मोकळी हवा कमी. पण कल्पना जबरदस्त. गाडा, बैल, छत्री, तारेवरची कसरत असले रोजच्या पाहण्यातले काहीतरी घ्यायचे आणि त्यावर राजकारण बसवायचे, ही त्यांची रीत. बाजारातल्या माणसालाही चित्र कळावे, ही तिची ताकद. तयार खुणेवर विसंबावे लागते, ही तिची कमजोरी.

1949 साल त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी त्यांनी मुलांची चित्र आणि लेखन स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षापासून ती आंतरराष्ट्रीय झाली. 1952 पासून दिल्लीत जागेवर बसून चित्र काढण्याची स्पर्धा सुरू झाली. पुढे 1957 साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि 1965 साली बाहुल्यांचे संग्रहालय. मुलाने स्वतः पाहावे, स्वतः काढावे, मोठ्यांनी हात लावू नये, ही स्पर्धेची मूळ अट. पिवळी मांजर, जांभळा हत्ती, बापापेक्षा मोठे फुलपाखरू, सगळे चालेल. अंकगणिताच्या वहीप्रमाणे चित्रही तपासायचे असते, असे मानणाऱ्या देशात हे केवढे धाडस होते!

आणि त्याच वर्षी, 28 ऑगस्ट 1949 च्या अंकात, त्यांनी ते चित्र काढले. ‘राज्यघटना’ असे लिहिलेली गोगलगाय. तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मागे नेहरू, त्यांच्याही हातात उगारलेला चाबूक. भोवती बघ्यांची गर्दी. 2006 च्या अकरावीच्या क्रमिक पुस्तकात ते छापले गेले, तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही. मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्या संध्याकाळी आदिलाबादहून माझ्या स्नेह्याचा फोन आला. त्याच्या घरी ओसरीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. तो एवढेच म्हणाला, “काय सर, तुमचे शंकरजी!” मी काहीतरी पुटपुटलो. व्यंगचित्र असेच असते, नेहरूंनाही सोडलेले नाही, दोघेही गोगलगाईलाच हाकताहेत, वगैरे.

आज ते चित्र पुन्हा समोर ठेवून पाहतो, तेव्हा माझे पुटपुटणे मलाच पटत नाही. चित्र पाहताना डोळा आधी शरीरे पाहतो, चिठ्ठी मागाहून वाचतो. शरीरे काय सांगतात? एक माणूस खाली बसला आहे आणि दुसरा त्याच्या पाठीमागे चाबूक उगारून उभा आहे. शंकरांच्या मनात तसे नसेलही. पण ज्याच्या आजोबांच्या पाठीवर खरा चाबूक पडला आहे, त्याने ते कसे पाहावे? शिवाय घटना समितीत 5 नोव्हेंबर 1948 रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सगळ्यांसमोर सांगितले होते की मसुदा समितीच्या सात जणांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारले, कुणी दूर राहिले आणि सारा भार आंबेडकरांवर आला. हे दिल्लीत जाहीर होते. तरी चित्रात दिसतो तो फक्त संथपणा. उन्नमती श्याम सुंदर यांनी 1932 ते 1948 या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे जमवून 2019 साली पुस्तक काढले. त्यात शंकरांचीही चित्रे आहेत. एकामागून एक पाहत गेलो की कळते, ही एका दिवसाची चूक नव्हती. ती पाहण्याची सवय होती.

माझे म्हणणे असे की, शंकरांनी मुलांना जे करू नका म्हणून सांगितले, नेमके तेच त्यांनी इथे केले. त्यांनी दोन डोंगर आणि सूर्य काढला. संथ म्हणजे गोगलगाय, काम करवणे म्हणजे चाबूक. समोरचा माणूस पाहिलाच नाही. आमच्या उस्मानिया विद्यापीठाने 12 जानेवारी 1953 रोजी बाबासाहेबांना सन्माननीय डी. लिट. दिली, तेव्हा या शहराने काय पाहिले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. गोगलगाय नक्कीच नाही.

मग स्पर्धेचे काय? तीही रद्दबातल? नाही. मी स्वतः 1964 साली अकरा वर्षांचा असताना तिच्यासाठी चित्र पाठवले होते. आमच्या सुलतान बाजारातली फुलवाली. धाडण्यापूर्वी आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी तिचे नाक ‘जरा नीट’ केले. बक्षीस मिळाले नाही आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. नाकाचे मात्र आजही वाटते. स्पर्धा म्हटली की हा मास्तर येतोच. बक्षीस असेल तिथे बक्षीस मिळवण्याची युक्ती शिकवणारा वर्गही असतो, आणि शंकरांची थोर अट त्याच्यापुढे लुळी पडते. माझी नात ऑक्टोबरात रोज एक शाईचे चित्र काढते. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 2009 साली ही प्रथा स्वतःसाठी सुरू केली. 31 दिवस, 31 चित्रे, परीक्षक नाही. मला ते आवडते. पण नातीची चित्रे पाहिली तर बाविसाव्या दिवशी तीही कुणाचे तरी पाहून काढू लागते.

फोन मी यंदा दसऱ्याला केला. स्नेही शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, “हे 2012 मध्ये का नाही म्हणालात?” मी म्हटले, तेव्हा मी शंकरांची बाजू घेत होतो, चित्र पाहत नव्हतो. तो हसला आणि शेळीच्या चित्राचे पुढे काय झाले ते विचारले.

तिला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले नदीला गेले.