हिरव्या टोपीचा वैमानिक

दरवर्षी दिवाळीत आमच्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतात. बुरुजांवर मावळे, पायथ्याशी तोफा, शिखरावर महाराज. गेल्या वर्षी चित्रे मांडता मांडता धाकट्या भाचीने विचारले, "मामा, यांतला कुणी जखमी झाला तर त्याला उचलून कोण आणतो?" चित्रांच्या टोपलीत तसे चित्र नव्हते. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन सुटका करून घेतली. पण प्रश्न काही सुटला नाही.

साहित्याच्या टोपलीतही ते चित्र क्वचितच सापडते. लढणाऱ्याचे पोवाडे झाले, पडणाऱ्यावर विलापिका झाल्या. परंतु पडलेल्याला आणावयास जो पुन्हा त्याच आगीत शिरतो, त्याच्यासाठी कवींनी साचाच घडविला नाही. म्हणून जेम्स मिचनर या अमेरिकन लेखकाची 'द ब्रिजेस ॲट टोको-री' ही १९५३ सालची लघुकादंबरी मी या पावसाळ्यात पुन्हा हाती घेतली. मिचनर कोरियन युद्धाच्या काळात विमानवाहू नौकांवर वार्ताहर म्हणून राहिला होता. तेथे पाहिलेल्या-ऐकलेल्यातूनच ही कथा उभी राहिली.

कथेचा नायक ब्रुबेकर हा डेन्व्हरचा वकील. बायको, दोन मुली, चांगली चाललेली वकिली. हे सारे सोडून त्याला पुन्हा लष्करी सेवेत यावे लागले आहे आणि त्याची कुरकूर रास्त आहे. प्रारंभीच त्याचे जेट विमान गोठत्या समुद्रात पडते. त्याला उचलावयास येतो तो हेलिकॉप्टरचा वैमानिक माइक फॉर्नी. ठेंगणा, भांडखोर, गळ्यात हिरवा गळपट्टा आणि डोक्यावर उंच हिरवी टोपी! प्रथमदर्शनी वाटते, लेखकाने आपल्या संस्कृत नाटकातला विदूषकच युद्धनौकेवर आणून बसविला. १९५४ साली मार्क रॉब्सनने या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा ही भूमिका मिकी रूनी या हसविण्यात नाणावलेल्या नटाकडे दिली, ती उगीच नव्हे.

पण त्या टोपीचे कारण कळले की हसू ओठांवरच थिजते. बर्फासारख्या पाण्यात गारठलेल्या माणसाला वर आपला माणूस आला आहे, हे दुरूनच दिसावे म्हणून ती टोपी. विदूषकाचा वेष हा येथे अभयाचा हात झाला आहे. माझ्या मते मिचनरच्या साऱ्या पुस्तकातील हे सर्वांत मोठे सुचणे होय.

ज्या युद्धात हेलिकॉप्टर प्रथमच मोठ्या प्रमाणावर जखमींसाठी धावले, ते हे युद्ध. या वैमानिकाचे शौर्य जातीनेच निराळे आहे. जेट विमानाचे संरक्षण त्याच्या वेगात असते. हेलिकॉप्टरला मात्र माणूस उचलायचा तर शत्रूच्या डोळ्यांदेखत हवेत स्तब्ध उभे राहावे लागते. धावत जाऊन वार करणे कठीण खरे. पण गोळ्या येत असता हातपाय स्थिर ठेवून दोरीच्या टोकावरचा माणूस वर येईपर्यंत थांबणे, याला कोणता शब्द वापरावा?

ही कविकल्पना नव्हे. ३ जुलै १९५१ रोजी जॉन कोल्श हा अमेरिकन आरमारी वैमानिक उत्तर कोरियात पडलेल्या जेम्स विल्किन्स या वैमानिकाला आणावयास निघाला. हेलिकॉप्टर निःशस्त्र, ढग इतके दाट की संरक्षक विमानांना खाली काही दिसेना. कोल्श ढगांखाली उतरला. एकदा गोळी लागली तरी परतला नाही. विल्किन्सला वर ओढून घेत असतानाच यंत्र पाडले गेले. कोल्श, त्याचा सहकारी जॉर्ज नील आणि भाजलेला विल्किन्स नऊ दिवस डोंगरातून लपतछपत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचले आणि तेथे पकडले गेले. बंदिवासातही कोल्श शत्रूला वश झाला नाही. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला उपासमारीने आणि आजाराने तो गेला. १९५५ साली त्याला मरणोत्तर 'मेडल ऑफ ऑनर' हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

आता मिचनरशी माझे भांडण. पूल उडविल्यावर ब्रुबेकरचे विमान शत्रूच्या मुलखात उतरते. फॉर्नी आणि त्याचा सोबती गॅमिज त्याला आणावयास येतात आणि तिघेही तेथेच मरतात. एकासाठी दोन! हा हिशेब कोणत्या तराजूत बसतो, हा कथेतला खरा प्रश्न. लेखक मात्र पुत्रवियोग सोसलेल्या ॲडमिरल टॅरंटच्या तोंडून युद्ध का लढावे याची मीमांसा करीत राहतो. फॉर्नीला त्या मीमांसेची गरजच नाही. खाली माणूस पडला आहे, एवढे कारण त्याला पुरते. शिवाय बायको, मुली, वाट पाहणारे घर, हे सारे ब्रुबेकरच्या वाट्याला; फॉर्नीला तोक्योतली एक प्रेयसी, तीही दुसऱ्याची होते. गॅमिजसाठी तर रडणारे कुणी लेखकाने ठेवलेच नाही. उचलून आणणाऱ्यालाही आई असते, हे तो विसरला.

हा दोष एकट्या मिचनरचा नव्हे. त्याच कोरियात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली आपली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स जखमींची सेवा करीत होती. तिच्यावर मराठीत एखादी जिवंत कथा मी तरी वाचलेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगून आवरते घेतो. मिचनरला ज्या घटनेवरून कथेचा शेवट सुचला असे सांगतात, तीत ड्युएन थोरिन हा हेलिकॉप्टरचा वैमानिक १९५२ च्या फेब्रुवारीत एका पडलेल्या वैमानिकाला आणावयास गेला आणि परतला नाही. नौकेवर सर्वांनी त्यांना मेलेले धरले. प्रत्यक्षात दोघेही युद्धकैदी होते आणि १९५३ साली घरी परतले. कथेला मरण शोभले हे खरे, आणि चित्रपटानेही तोच शेवट न डगमगता ठेवला, हे त्याचे मोठेपण. तरीही, वाचकहो, कलेपेक्षा जीवन येथे अधिक दयाळू ठरले याचा मला मनापासून आनंद वाटतो.

यंदा भाचीने मातीचेच एक चित्र केले आहे. आकार धड जमलेला नाही. पाठीवर कुणीतरी आहे एवढे कळते. टोपी तिने हिरवी रंगविली आहे. रंग मीच सुचविला.