खांबासकट काळवीट

स्पर्धांची नियमपत्रकं कुणी साहित्य म्हणून वाचत नाही, त्यामुळे त्यांची समीक्षा राहूनच जाते. डिजिटल कॅमेरे घरोघरी पोचल्यावरही काही वर्षं छायाचित्रस्पर्धांच्या पत्रकांत एक ओळ ठाण मांडून बसलेली असे : फक्त ३५ मि.मी. रंगीत पारदर्शिका स्वीकारल्या जातील. पारदर्शिका म्हणजे आपली स्लाइड. पुठ्ठ्याच्या चौकटीतली, २४ बाय ३६ मिलिमीटरची, प्रोजेक्टरमध्ये डोक्यावर उभी करून घालायची. शंभरात एक तरी सरळ घातली जायचीच, मग अख्खं सभागृह माना वाकडया करून हरिश्चंद्रगड बघायचं.

२०२४ मध्ये अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यातला हौशी फोटोवाला या ओळीशी अडायचा. बिचाऱ्यानं कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यात चार तास उन्हात बसून काळवीट टिपलेलं, तेही डिजिटल कॅमेऱ्यात. सीडी तयार, आणि पत्रक म्हणतं, स्लाइड आणा! यावर तोड होती. संगणकातलं चित्र पुन्हा फिल्मवर उतरवणारी यंत्रं मोठ्या शहरांत असत. पैसे मोजले की डिजिटल काळवीट पुठ्ठ्याच्या चौकटीत बसून, स्लाइड होऊन बाहेर. नियम पाळला गेला. सोवळं नेसून हॉटेलात भजी खावीत, त्यातलाच प्रकार.

पण मुळात स्लाइडच का हवी? निगेटिव्हवरून फोटो छापताना अंधाऱ्या खोलीत पुष्कळ डागडुजी करता येई. स्लाइडचं तसं नाही. कॅमेऱ्यात होती तीच फिल्म धुऊन पडद्यापुढे येते. कडेला चंदेरी टेप चिकटवून नको ते झाकणारे होते म्हणा; पण काळविटाच्या दोन शिंगांमधून उगवलेला विजेचा खांब काही टेपनं जात नाही. संगणकावर तो दोन मिनिटांत जातो, आणि जाताना हवा तर एखादा ढगही ठेवून जातो. तेव्हा पत्रकाला खरं म्हणजे हवा होता तो खांब. मागितला मात्र पुठ्ठा!

बरं, पुठ्ठ्यातलं सगळं खरंच असतं असंही नाही. नगरहून पाथर्डीकडे जाताना डोंगरावर दिसणाऱ्या अष्टकोनी इमारतीची स्लाइड कितीही प्रामाणिक असो, तिच्यावर 'चांदबिबीचा महाल' लिहिलं की झालं. आत कबर सलाबतखानाची आहे. आपण घरच्या घरी हे करतो, तर साहेबाकडे त्याहून मोठं झालं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या २००९ च्या वन्यजीव स्पर्धेत फाटकावरून उडी मारणारा एक लांडगा पहिला आला. जानेवारी २०१० मध्ये परीक्षकांनी बक्षीस काढून घेतलं. त्यांच्या मते लांडगा बहुधा माणसाळवलेला होता; फोटोग्राफरनं ते नाकारलं. आणि तो फोटो चक्क फिल्मवरचा! फिल्मनं आपलं काम चोख केलं. लांडगा पगारी आहे की हौशी, हे तिनं कुणाला विचारायचं?

कोडॅकनं २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, तरी ती ओळ काही पत्रकांत टिकून होती. स्लाइड मागणारे होते, दाखवायचं यंत्र दुरुस्तीला. पुढं मोठ्या वन्यजीव स्पर्धा अंतिम फेरीतल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ, हात न लावलेली 'रॉ' फाइल मागू लागल्या. हे मात्र अक्कल वापरून लिहिलेलं कलम. पुठ्ठ्याचं नाव नाही, आणि खांब होता की नव्हता तेवढं बरोबर कळतं.

आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या स्पर्धा ही पायरी ओलांडून एकदम पुढं गेल्या. त्यांच्या पत्रकात हल्ली ओळ असते : फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावेत. तिथं फोटो वाटेतच आक्रसतो, कधी आणि कोणत्या कॅमेऱ्यानं काढला ही त्यातली नोंदही गळून पडते. परीक्षकांच्या मोबाइलवर पोचतं ते एक तपकिरी काहीतरी. खांबाची चौकशी नंतर. आधी ते काळवीट आहे की शेळी, यावरच समितीत दोन तट पडतात.