लोणासुराचं चित्र कुठंय?

जपानी भुतांची चित्रं म्हटली की मोबाईलवर आधी येतो कुनियोशीचा महाकाय सांगाडा, पडदा फाडून आत वाकलेला. १८४४च्या आसपासचं हे छापचित्र. मूळ कथेत बरेच सांगाडे होते, कुनियोशीनं त्यांचा एकच केला. युक्ती झकास आहे. पण मी लोणारचा, मला त्याहून एक मिशाळ मासा जवळचा वाटतो.

त्याचं नाव नामाझू. तो जमिनीखाली असतो आणि काशिमा देव त्याला दगडाखाली दाबून ठेवतो. देवाचं लक्ष हललं की मासा वळवळतो आणि भूकंप होतो. १८५५मध्ये एदो, म्हणजे आजचं टोकियो, हादरलं आणि काही आठवड्यांत या माशाची चित्रं धडाधड छापली गेली. चित्रकाराचं नाव नाही, सरकारी परवानगी नाही. काहींत लोक माशाला झोडपताहेत, ते अपेक्षितच. पण काहींत सुतार-गवंडी त्याची सरबराई करताहेत, कारण पडलेली घरं पुन्हा बांधायचीत, हाताला काम आलंय. काहींत तर श्रीमंतांच्या पोटातून सोन्याची नाणी बाहेर पडताहेत! दोनेक महिन्यांत सरकारनं हा धंदा बंद पाडला, यात नवल नाही.

आता आमचा लोणासुर. गोष्ट जवळपास तीच. जमिनीखालच्या विवरात दैत्य, वर झाकण. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं, त्याला मारलं, तिथंच गाडलं. सरोवराचं पाणी हे त्याचं रक्त, खार हे त्याचं मांस. (अशनीच्या धडकेची गोष्ट खरी असली तरी सांगायला ही जास्त चांगली.) गावातल्या मंदिराचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघावं असं आहे, पण त्याचं नावच दैत्यसूदन. लोणासुर या गोष्टीत येतो तो मरण्यापुरता. तो कसा दिसायचा, काय खायचा, कुणाला आवडायचा, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे चित्रं काढणारे नव्हते असंही नाही. पिंगुळीच्या चित्रकथी कलाकारांनी रामायणातले राक्षस रंगवले. पण ते पोथीतले राक्षस. मुंजा, हडळ, खवीस, आसरा यांना नावं आहेत, स्वभाव आहेत, चेहरे मात्र सांगणाऱ्यागणिक वेगळे.

जून २०२०मध्ये सरोवर गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच सुमारास जपानी लोक कोरोनाविरुद्ध आमाबिएची चित्रं काढत होते. १८४६च्या एका छापील पत्रकातली ही चोचवाली, लांब केसांची जलदेवता, ‘माझं चित्र लोकांना दाखवा’ म्हणणारी. आणि इथं? लोणासुराचं रक्त अख्ख्या जगाला दिसत होतं आणि माझ्या फोनवर आले ते फक्त ड्रोनचे फोटो.

मला पाहायचंय ते चित्र वेगळंच आहे. या तळ्याचा खार काढून एकेकाळी साबण आणि काच बनायची. काठावर खार खरवडणारी माणसं, टोपल्या, व्यापारी, आणि खाली, पाण्याआडून, एक डोळा उघडा ठेवून हे सगळं बघत पडलेला लोणासुर.